मदत हवी आहे: कोठडीतल्या मानसिक रुग्णाच्या तपासणीचा अर्ज (सांगली)

आतेभाऊ मारहाणीच्या गुन्ह्यात न्यायालयीन कोठडीत आहे. गाव तासगाव तालुक्यात. स्किझोफ्रेनियाचा जुना पेशंट, सगळे केसपेपर आहेत. घटनेआधी गोळ्या सुटल्या होत्या. कागद कारागृहात दिलेत, गोळ्याही चालू झाल्यात. तरी भेटीत "डब्यात काय घातलंय ते कळतं मला" एवढंच पुटपुटतो. वकिलालाच पोलीस समजतो, वकालतनाम्यावर सही कशीबशी झाली.

वकील (विधी सेवा प्राधिकरणाचे, माणूस भला आहे) म्हणतात, आजाराचा मुद्दा खटल्यात काढू. पण तो न्याय संहितेच्या कलम २२ चा, म्हणजे कृत्य करताना मनःस्थिती काय होती याचा. आमची अडचण आजची आहे: त्याला स्वतःचा बचावच करता येत नाहीये. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम ३६७ आहे, सिव्हिल सर्जनकडून तपासणीचं. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) हे ३२८ होतं.

दोषारोपपत्र अजून दाखल नाही. जामिनाचं सुचवू नका. घरी एकट्या आत्या, त्यांना तो आवरणार नाही. उपचार हवेत.

कुणी असं प्रकरण चालवलंय का? ३६७ चा अर्ज दोषारोपपत्राआधी मॅजिस्ट्रेटपुढे चालतो का, आणि तो नातेवाइकाने दिला तर घेतात की वकिलामार्फतच द्यावा लागतो?