जुन्या शिडाच्या बोटीच्या गिअर-थ्रॉटल केबल बदलायच्यात, सुरुवात कुठून करू?

खारावारा:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतलीये, तीस फुटी, १९८० च्या दशकातली, मुंबई हार्बरात मुरिंगवर (पाण्यातल्या बोयाला बांधून) असते. इंजिन यानमार २जीएम२०, टिलरवाली (चाकाऐवजी दांड्यानं वळवायची) बोट आहे, कॉकपिटच्या उजव्या भिंतीत सिंगल लिव्हर म्हणजे गिअर आणि थ्रॉटल (इंजिनचा वेग) दोन्ही एकाच दांड्यावर. पावसाळ्यात बोट वर काढून ठेवली होती आणि पाण्यात उतरवल्यापासून लिव्हर जडच झालाय. रिव्हर्सला टाकला की आधी काहीच होत नाही मग एकदम धक्का बसतो. परवा मांडव्याहून परत येताना तर हद्द झाली, मुरिंगचा बोया हाताशी आला आणि लिव्हर न्यूट्रलला आणला तरी बोट पुढंच चाललेली, शेवटी स्टॉपची मूठ ओढून इंजिनच बंद केलं. बाजूच्या बोटीवाल्यांनी फेंडर (धक्का झेलायच्या गाद्या) घेऊन धावपळ केली म्हणून वाचलो.
आता प्रश्न. १) केबलमध्ये डब्ल्यूडी-४० मारून हा सीझन निघेल का? २) गिअरची एकच बदलू की दोन्ही? ३) बाइकच्या केबल बनवून देणारे असतात त्यांच्याकडून करून घेतली तर चालेल का, कारण बाहेरून मागवायची तर वेळ पण जातो आणि पैसे पण. ४) लांबी कशी मोजायची, अर्धी केबल तर लॉकरमागं (कॉकपिटातल्या सामानाच्या कप्प्यामागं) गायब आहे.

इंजिनरूम_काका:
केबल मागवायच्या आधी दोष केबलचाच आहे का ते बघा, लोक हे करतच नाहीत आणि नवीन केबल टाकून पण लिव्हर जडच राहतो. इंजिन बंद. गिअरबॉक्सकडची गिअर केबलची पिन काढा, केबल सोडवा. आता हातानं गिअरबॉक्सचा आर्म (केबल जोडलेली बाहेरची दांडी) हलवा, पुढं मागं टक् करून बसला पाहिजे आणि मधे न्यूट्रल हाताला कळलं पाहिजे. (इंजिन बंद असताना कधी कधी पूर्ण बसत नाही, मग दुसऱ्या हातानं शाफ्ट थोडा फिरवायचा.) आर्म मोकळा असेल तर गिअरबॉक्स निर्दोष सुटला. मग कॉकपिटातून लिव्हर हलवा, तो अजून जड असेल तर केबल नाहीतर लिव्हरची यंत्रणा. मग लिव्हरकडची पण बाजू सोडवा आणि नुसती केबल हातात धरून ढकला-ओढा. इतकं केलं की कोण चोर ते कळतं. थ्रॉटलला पण हेच.
लिव्हरच्या मागची कॅम, गिअर वगैरे जी काय भानगड असते ती जुन्या बोटीत सुकलेल्या ग्रीसनं अडकते, उघडून साफ करून मरीन ग्रीस लावलं की पुष्कळदा निम्मा जडपणा तिथंच जातो.
डब्ल्यूडी-४० चं म्हणाल तर नको. आतली तार गंजली की फुगते आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर खाते, त्यावर स्प्रे मारून दोन रविवार बरे जातील आणि तिसऱ्या रविवारी फेरीच्या समोर अडकाल. बाहेरचं कव्हर कुठं तडकलं असेल, टोकाला गंजाचा तपकिरी ओघळ असेल तर विचारच करू नका. आणि दोन्ही बदला. वय एकच, खारं पाणी एकच, आणि लॉकरमध्ये उलटं लटकून पाठ मोडून घ्यायची ती एकदाच घ्या.

तांडेलाचा_नातू:
काकांशी सहमत, पण बाइकच्या केबलचं जरा सविस्तर. आमच्याकडं एका छोट्या होडीला थ्रॉटल तशीच होती आणि चालत होती, कारण थ्रॉटलला परत आणायला स्प्रिंग होती, केबलनं फक्त ओढायचं काम. गिअरला ते होणार नाही. गिअरची केबल ढकलते पण आणि ओढते पण, बाइकची तार ढकलायला गेलं की वाकते. सिंगल लिव्हरवर तर थ्रॉटल पण पुश-पुल लागते. तेव्हा गिअरला तरी जुगाड करू नका राव, बंदरात शिरताना पाण्याला ओढ असते तेव्हा जुगाड आठवतो.
आउटबोर्डवाल्यांकडं विचारा, रिमोट स्टीअरिंगच्या स्पीडबोटींना याच जातीच्या केबल लागतात. मुंबईच्या दारूखान्यात (जहाजांच्या भंगाराचा बाजार) जुना माल मिळतो पण केबल जुनी घेऊ नका, लिव्हर मिळाला तर घ्या.

साउथहॅम्प्टनकर:
इकडं माझी पण जुनी बोट आहे आणि हेच इंजिन, त्यामुळं लिहितो, लांबेल जरा.
लांबी: जुनी केबल बाहेर काढाल तेव्हा टोकापासून टोकापर्यंत मोजा, आट्यांसकट. नुसतं काळं कव्हर मोजलं तर आखूड येईल. कव्हरवर नंबर छापलेला असतो, अमेरिकन बनावटीची असेल तर शेवटचे आकडे बहुतेक फुटातली लांबी असते, फडकं ओलं करून पुसा म्हणजे दिसेल. नंबर पुसला गेला असेल आणि केबल काढायच्या आधीच मागवायची असेल तर जिथून जाते ती वाट वळणांसकट मोजा आणि पुढच्या पूर्ण फुटाला न्या. जरा लांब चालते, आखूड अजिबात चालत नाही.
जात: तुमच्याकडं बहुतेक ३३सी (केबलचा एक ठरलेला प्रकार) असणार, टोकाला १०-३२ चे (अमेरिकन इंची मापाचे) आटे. इथं एक गंमत आहे. हार्डवेअरच्या दुकानात, तुमच्या नागदेवीला म्हणा, हा बोल्ट दाखवला की एम-५ चा नट देतील आणि तो बसेल सुद्धा! कारण एम-५ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८ मिमी आणि १०-३२ चा ०.७९४, फरक हाताला कळत नाही. पण १०-३२ चा दांडा ४.८३ मिमी, एम-५ चा पाच, म्हणजे नट सैल बसतो आणि इंजिनच्या थरथरीत कधीतरी आटे सोडतो. टोकाची क्लेव्हिस (पिन घालायचा U आकाराचा तुकडा) आणि लॉकनट केबलबरोबरच मागवा, पिना स्टेनलेसच्या.
घालताना: जुनी केबल काढताना तिच्या मागं दोरी बांधा, ती ओढली की नवीन केबलची वाट तयार. टोकाला टेप नीट गुंडाळा नाहीतर लॉकरच्या भोकात अडकते आणि शिव्या घालत बसावं लागतं. वळण आठ इंच त्रिज्येपेक्षा बारीक नको. एक्झॉस्टला चिकटू देऊ नका. आणि काढायच्या आधी फोटो घ्या, त्यातही पुढं जाताना गिअरची केबल ढकलते की ओढते ते लिहून ठेवा, उलटी जोडली तर पुढं टाकल्यावर बोट मागं जाते आणि ते मुरिंगवरच कळलेलं बरं.

खारावारा:
खूप आभार सगळ्यांचे. काकांनी सांगितल्याप्रमाणे सोडवून बघितलं. गिअरबॉक्सचा आर्म मस्त मोकळा, टक् टक्. लिव्हरमध्ये ग्रीसचं मेण झालेलं, साफ केलं. पण खरी गोष्ट लॉकरच्या मागं. आधीच्या कुणीतरी बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) पाइप आणि गिअरची केबल एकाच झिपटायनं करकचून बांधलेली, तिथं केबलला जवळजवळ काटकोन पडलाय, कव्हर फुटून आत गंज. थ्रॉटल हातानं हलते पण मधे एका जागी अटकते. दोन्ही मागवल्या, आउटबोर्डवाल्याकडूनच. आता बसवल्यावर ॲडजस्टमेंट कशी करायची, गिअरला मधे न्यूट्रल मिळालं की झालं ना?

इंजिनरूम_काका:
नाही, तिथंच लोक थांबतात. २जीएम२० ला बहुतेक केएम२पी गिअरबॉक्स असतो, त्यात कोन (शंकूच्या आकाराचा) क्लच. आर्म पूर्ण गेला नाही तर कोन अर्धवट धरतो, घसरतो, घासून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग गिअरबॉक्स उघडून तो पेस्टनं घासत बसायचं. तुमचा तो उशिरा बसणारा धक्का पण त्यातलाच असेल, देव करो आणि कोन शाबूत असो. तेव्हा क्रम असा ठेवा: लिव्हर न्यूट्रल, आर्म न्यूट्रल, मग क्लेव्हिस फिरवून पिन जोर न लावता भोकात गेली पाहिजे. मग पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं टाकून एकानं खाली बसून बघायचं, दोन्हीकडं आर्म मॅन्युअलमधल्या मापाइतका जातो का. एका बाजूला कमी जात असेल तर क्लेव्हिस एखाद-दोन फेरे. दोन्हीकडं कमी पडत असेल तर केबल आर्मच्या आतल्या भोकात घ्या, प्रवास वाढतो. क्लेव्हिसमध्ये पुरेसे आटे आत आहेत ना ते बघा, ओढून ओढून शेवटच्या दोन आट्यांवर टांगून ठेवू नका.
अजून एक, केबलच्या टोकाजवळ जी खाच असते त्यातच क्लॅम्प बसला पाहिजे. कव्हरवर कुठंही आवळला तर लिव्हर हलवल्यावर आतल्या तारेऐवजी अख्खं कव्हरच मागं-पुढं होतं आणि आर्म तिथल्या तिथं.
थ्रॉटलला आयडलवर (इंजिनच्या सगळ्यात कमी वेगावर) आर्म स्टॉप-स्क्रूला टेकला पाहिजे, नाहीतर आयडल चढं राहतं आणि गिअर टाकताना दणका बसतो.

साउथहॅम्प्टनकर:
पहिली ट्रायल मुरिंगवरच, दोर डबल करून. हळू पुढं, न्यूट्रल, हळू मागं. एक जण खाली राहू दे, टॉर्च घेऊन, केबल कुठं घासते का ते चालू इंजिनवरच दिसतं. सैल कपडे आणि फिरता शाफ्ट, एवढं सांभाळा.

तांडेलाचा_नातू:
आणि ती स्टॉपची मूठ, जिनं तुम्हाला वाचवलं, तिची केबल पण त्याच वयाची असणार हां. ती पण बघून घ्या. ती तुटली तर डिझेल पंपावरचा स्टॉपचा आर्म कुठं आहे आणि कुठल्या बाजूला ढकलायचा हे तिघांनाही माहीत पाहिजे, त्या आर्मला लाल रंग मारून ठेवा.

खारावारा:
स्टॉपची बघितली, मुठीच्या मागं दोन तारा तुटून बाहेर आल्यात. तिसरी केबल पण यादीत.