मदत हवी आहे: २००४ ची जिप्सी, चढावर पिकअप तुटतो आणि ६० च्या पुढे खालून थरथर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण गाडी चार ठिकाणी दाखवून झाली आहे आणि अंदाजाने आणखी पार्ट बदलायची माझी तयारी नाही.

गाडी बाबांची. जिप्सी किंग, १३०० सीसी, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली) पेट्रोल, दीड लाख किलोमीटर झालेली. पंधरा वर्षांनंतरची आरटीओतली पुनर्नोंदणी दोनदा करून घेतली आहे, त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला कृपया नको. आम्ही मुलुंडला राहतो, गाव मुरबाड तालुक्यात. घराआधीचे शेवटचे दोन किलोमीटर कच्चा चढ आहे. बाबांचे गुडघे आता तेवढं चालू देत नाहीत आणि पावसात फोर व्हील टाकल्याशिवाय तिथे दुसरं काही चढत नाही.

त्रास दोन आहेत.

एक, पिकअप. तिसऱ्या गिअरमध्ये चढ लागला आणि एक्सिलेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग झटका देऊन ओढते. सकाळी थंड असताना हे होत नाही. तासभर चालल्यावर होतं आणि टाकी पावभर उरली की हमखास. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. फ्युएल फिल्टर दोन वर्षांपूर्वी बदललाय. चेक इंजिनचा दिवा लागत नाही.

दोन, थरथर. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला ६० ओलांडलं की सुरू होते, ६५-७० ला सगळ्यात जास्त. स्टिअरिंग शांत असतं, थरथर सीटमध्ये आणि पायाखालच्या पत्र्यात जाणवते. मागच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल इतकं खडखडतं की बाबा ते हातात धरून बसतात. बॅलन्सिंग केलं, पुढची चाकं मागे टाकून पाहिली, काही फरक नाही. चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये त्याच वेगाला तशीच. ६५ वर क्लच दाबून इंजिन आयडलला आणलं, तरी तशीच. पुढचे हब फ्री आहेत (पुढची चाकं शाफ्टपासून सुटी), गाडी टू व्हीलमध्ये.

मागची हकीकत: गेल्या जुलैत हिंदमाताला पाण्यात अडकले होते, पाणी हबच्या वर होतं. गाडी बंद पडली नाही. महिन्याभराने हळू चालवताना खालून किर्र किर्र आवाज यायला लागला. एका गॅरेजने जॉइंट शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) उतरवून ग्रीस भरलं आणि आवाज गेला. थरथर त्यानंतर कधीतरी सुरू झाली.

आता एक मेकॅनिक म्हणतात क्लच, प्रेशर प्लेट आणि इंजिन माउंटिंग सगळं एकदम बदला. दुसरे म्हणतात हे नव्या पेट्रोलमुळे. दोन्ही त्रास एकाच कारणाचे असू शकतात का? आणि सुरुवात कुठून करू? दिवाळीला बाबांना घेऊन गावी जायचं आहे.

प्रतिसाद

ताई, क्लचला हात लावू देऊ नका. क्लच दाबल्यावर इंजिन सुटं झालं, तरी थरथर राहिली. म्हणजे ती इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेली नाही, गाडीच्या वेगाशी बांधलेली आहे. हे दोन वेगळे आजार आहेत असं धरून चाला.

जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला जोडलेली नसते, मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. तो, पुढचा आणि मागचा असे तीन शाफ्ट, आणि प्रत्येकाला दोन क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारे टोकाचे सांधे. तुम्ही हब फ्री ठेवलेत, त्यामुळे पुढच्या शाफ्टवर संशय कमी. मला खटकलं ते तुमचं ग्रीसचं वाक्य. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एका फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा वाढतो, दोनदा उतरतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस त्याच्या उलट वागून तो हिशोब मिटवतो, पण दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील तरच. सरकत्या दात्यांच्या जोडातून शाफ्ट सुटा केला आणि खूण न करता परत बसवला, की एखादा दाता इकडेतिकडे होतो. ६० ला चाक मिनिटाला पावणेपाचशे फेरे घेतं, मागचा शाफ्ट त्याच्या जवळपास चौपट. तेवढ्या वेगात एक दाताही पुरेसा आहे.

इंजिन बंद, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि मगच खाली जा. एका टोकाच्या योकवर नजर ठेवून दुसऱ्याशी जुळवून बघा. मग शाफ्ट हाताने पिळा, वर-खाली हलवा. जराही टकटक नको. क्रॉसच्या टोपीभोवती गंजाची लाल भुकटी दिसली तर आतले सुईसारखे रोलर कोरडे पडलेत.

मागच्या हाउसिंगचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या पेटीचं, ऑइलही बघाच. गरम हाउसिंग पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ झालं असेल तर लगेच बदला, नाहीतर आतली क्राउन-पिनियन ही गिअरची जोडी जाईल, आणि तो खर्च क्लचपेक्षा फार मोठा आहे.

आणखी एक प्रतिसाद

पिकअपबद्दल: गरम झाल्यावर, चढावर आणि टाकी कमी असताना, या तिन्ही खुणा पेट्रोल पुरं पोचत नसल्याच्या आहेत. प्लगने दोन दिवस बरं वाटलं यावर जाऊ नका. नव्या पेट्रोलचा दोष थेट नसेल, पण वीस टक्के इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुने रबरी पाइपही मऊ पडतात, ते दाबून बघा. आधी फिल्टर बदला, मग प्रेशर गेज लावून गाडी चालवा. आयडलला प्रेशर नीट दिसतंच, खरं ते चढावर कळतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबा खुर्ची टाकून बसले आणि मी ओळखीच्या मेकॅनिकदादांबरोबर खाली गेले. मागच्या शाफ्टचे योक सरळ सरळ तिरके होते, दोन दाते पुढे. डिफरन्शियलकडच्या क्रॉसभोवती लाल भुकटी. तो काढला तर एका टोपीतले रोलर बोटावर चुऱ्यासारखे आले. मागचे दोन्ही क्रॉस नवे टाकले, योक जुळवले आणि जोडावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली. मागच्या हाउसिंगमधून दूध घातलेल्या चहासारखं ऑइल निघालं, तेही बदललं. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बदलणार आहे.

काल ऐरोलीपर्यंत जाऊन आले. ७५ ला बक्कल गप्प. बाबांनी ते धरलंसुद्धा नाही.

पिकअप मात्र निम्माच सुधारला. जुना फिल्टर वाटीत उलटा केला तर तपकिरी गाळ पडला. नवा टाकून गेज लावला: आयडलला पावणेतीन किलो, गरम गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढावर दोनच्या खाली. पाइप ठीक आहेत. आता टाकी उतरवायचीच आहे, तर पंपाची जाळी धुऊन पंप तोच ठेवावा, की इतक्या वर्षांच्या पंपावर विसंबू नये? कुणी या गाडीची टाकी आतून साफ करून घेतली असेल तर कशी केली तेही सांगा. शनिवारी काम धरलंय.