अनुभव धागा: अबार्थ गेली, आता आयतवारच्या घाटासाठी कुठली गाडी घेऊ?

पर्वरी
गेल्या महिन्यात माझी अबार्थ पंटो भाच्याकडे गेली. २०१६ मध्ये घेतली होती, १.४ लिटर टर्बो, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे चाकाखाली बारीक खडी आली तरी हाताला कळायचं. भाचा बेळगावला नोकरीला लागलाय, शाळेत होता तेव्हापासून त्या गाडीवर त्याचा जीव, म्हणून दिली आणि त्याचं वाईट वाटत नाही. पण दर आयतवारी पहाटे साडेपाचला निघायचं, डिचोली साखळी केरी करत चोर्ला घाट चढायचा, वर चहा प्यायचा आणि नऊ-साडेनऊला घरी येऊन सगळ्यांबरोबर पाव-भाजी खायची हे इतकी वर्षं चाललं होतं, आता चार आयतवार झाले मी घरातच आहे.

रोजच्या वापराला घरात वेगळी गाडी आहे, ही फक्त चालवण्याच्या आनंदासाठी. बजेट २५ लाख, नवी-जुनी काहीही चालेल, मॅन्युअल असेल तर उत्तम. विनंती एकच, जी गाडी तुमच्याकडे आहे किंवा होती तिच्याबद्दलच लिहा, आणि आपल्या रस्त्यांवर, आपल्या पावसात ती कशी वाटली ते लिहा. ब्रोशर मी वाचलेत.

साखळी
दादा, तुमच्या वाटेवरच राहतो मी. माझ्याकडे फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी प्लस आहे, १.५ टीएसआय, ६ गिअरची मॅन्युअल, २०२३ ची. १५० पीएस आणि २५० एनएम, आणि हा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढा, १६०० आरपीएमपासूनच मिळायला लागतो, त्यामुळे चढणीच्या वळणातून बाहेर येताना दुसरा गिअर शोधत बसावं लागत नाही, तिसऱ्यातच उचलते. उतारावर इंजिन ब्रेकिंग छान मिळतं. स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, तुमच्या अबार्थसारखं बोलकं नाही हे कबूल करतो, पहिला महिनाभर मला ते खटकायचं. पण गाडी वळणात अंग टाकत नाही, आणि आईला चवथीला गावाला न्यायचं तर माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानासकट सगळं डिकीत बसतं. दिसायला साधी सेडान आहे म्हणून तुम्ही बाजूला टाकाल, तसं करू नका, एकदा येऊन चालवा.

मडगाव
मी थोडं वेगळं सांगतो, कारण मी मन मारलं नाही. तीन वर्षांपूर्वी बीएमडब्ल्यूची जुनी झेड४ एम४०आय घेतली. ३ लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, मागची चाकं ओढतात, दोनच सीट. डिसेंबरात पहाटे छप्पर उघडून बेतूलहून काबो द रामा करत आगोंदला जायचं, डाव्या हाताला सडा, उजवीकडे मधेच समुद्र दिसतो, थंडी कानाला लागते, त्या दीड तासासाठी मी आठवडाभर काम करतो असं म्हटलं तरी चालेल. पुढे २०१९ ला झालेला काणकोणचा बायपास आहे, मोकळा मिळाला तर इंजिनाचा आवाज तिथे पुरेपूर ऐकायला मिळतो.

आता बाकीचं. जून ते सप्टेंबर गाडी जवळजवळ उभी असते. पहिल्या पावसाळ्यात मी नुसतं कव्हर घालून ठेवली, ऑगस्टमध्ये उघडली तर सीटच्या लेदरवर पांढरी बुरशी, बॅटरी संपलेली आणि टायर एका जागी बसलेले. आता बॅटरीला चार्जर कायम लावून ठेवतो, आत ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवतो, दर पंधरा दिवसांनी उघडीप बघून वीसेक किलोमीटर फिरवून आणतो. समुद्राजवळ राहत असाल तर ब्रेक डिस्कवर दोन दिवसांत गंज दिसतो, तो चालवल्यावर जातो, पण खालचे नट-बोल्ट आणि ब्रॅकेट वर्षातून एकदा गाडी उचलून बघायलाच हवेत.

आणि फेरीबोट. सासुरवाडी दिवाडीला आहे माझी, ओहोटीच्या वेळी रॅम्प एवढा उतरता होतो की पुढचा बंपर टेकला आणि खालची पट्टी तुटून आली. त्यानंतर दिवाडीला ही गाडी नेली नाही. गावागावांतले स्पीडब्रेकर तर तिरकीच गाडी घालून पार करतो, मागचे लोक हॉर्न मारतात. एवढं सगळं करूनही मी ती विकणार नाही, पण तुम्हाला दर आयतवारी बारा महिने जायचंय, त्यामुळे तुमच्यासाठी मी हो म्हणणार नाही.

फोंडा
नमस्कार, माझी ह्युंदाईची आय२० एन लाइन, १ लिटर टर्बो, १२० पीएस, मॅन्युअल. शिक्षिका आहे, बजेट तुमच्या निम्म्याहून कमी होतं. दर शनिवारी दुपारी फोंडा, बोरी, सावर्डे करत नेत्रावळीपर्यंत जाते, कधी एकटी कधी मैत्रीण असते. मला वाटतं या आकाराची गाडी आपल्या रस्त्यांना जास्त मानवते, समोरून खाणीचा ट्रक आला तर बाजूला घ्यायला जागा उरते आणि आपली लेन न सोडता वळण नीट घेता येतं. इंजिन पूर्ण वापरायला मिळतं हे फार महत्त्वाचं आहे, दुसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनजवळ, म्हणजे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांजवळ नेलं तरी आपण वेड्यासारख्या वेगात नसतो. पैसे उरले त्यातून चांगले टायर घातले आणि ब्रेक पॅड बदलले, ओल्या रस्त्यावर फरक लगेच कळला. दर पावसाळ्याआधी ब्रेक फ्लुइड तपासून घेते, ते हवेतली ओल शोषतं आणि उतारावर सारखे ब्रेक लागले की पेडल मऊ पडतं, अनमोडच्या घाटात हे एकदा अनुभवलंय, पुन्हा नको.

वास्को
बीएमडब्ल्यू एम३४०आय, ३८७ बीएचपी, चारही चाकांना ताकद. बेळगावच्या पुढे पुण्याच्या हायवेवर हिच्यासारखी गाडी नाही. चोर्ल्याला मात्र मी अर्धं पेडलसुद्धा दाबत नाही, वळणाच्या आधीच वेग एवढा होतो की पुढे फक्त ब्रेक मारायचं काम राहतं. फोंड्याच्या ताईंचं बरोबर आहे.

पणजी
फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयचा विचार करताय का? २०२५ ला आली, २६५ पीएस, पुढच्या चाकांना लॉकिंग डिफरन्शियल (वळणात एक चाक नुसतं फिरू न देणारी यंत्रणा), पहिल्या लॉटच्या १५० गाड्या होत्या आणि किंमत तेव्हा ५३ लाखांच्या घरात होती. मित्राच्या गाडीत शेजारी बसलोय, वळणातून अशी खेचून बाहेर काढते की विश्वास बसत नाही. पण मॅन्युअल नाही आणि बजेटच्या दुप्पट.

कुंडई
जुनी आठवण सांगतो. ९८ च्या सुमाराला आपल्या गोव्यातच सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडी बनायची. फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटर इंजिन, जेमतेम ६० हॉर्सपॉवर. मी तेव्हा कॉलेजात, ओळखीच्या एकांनी एकदा चालवायला दिली होती. ताकद काहीच नव्हती पण हलकी होती, खाली रस्त्याला लागून बसल्यासारखं वाटायचं, ५० च्या वेगातही मन भरायचं. तेव्हापासून मी गाडी बघताना आधी वजन बघतो.

डिचोली
जुनी घेणार असाल तर हे नक्की वाचा. माझी आधीची ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) हॅचबॅक मी बाहेरच्या राज्यातून घेतली, सर्व्हिस रेकॉर्ड अर्धवट होता तरी भुललो, सहा महिन्यांत गिअरबॉक्सचं काम निघालं आणि बिल दीड लाखाच्या वर गेलं. त्यानंतर मित्रांसाठी दहा-बारा गाड्या तपासल्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पुरात बुडालेली असेल तर आतल्या भागावर चिखलाची रेघ सापडते. सीटचे रूळ आणि कार्पेटखालचा पत्रा बघा. इंजिन रात्रभर थंड असतानाच चालू करायला लावा, विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. टर्बोचे होस आणि कूलंटची पातळी, ओबीडी स्कॅन (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणं), चारही टायरांची बनावटीची तारीख. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत) लागते, बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो, रोड टॅक्स परत भरावा लागतो आणि आधीच्या राज्याकडून रिफंड तुम्हीच मागायचा. स्वस्त वाटलेली गाडी इथे महाग होते. शक्यतो गोव्याच्याच नंबरची शोधा.

केरी, सत्तरी
गाडीचा अनुभव नाही, रस्त्याचा आहे. माझं घर घाटाच्या पायथ्याशी. तुमच्यासारखे पहाटे शांतपणे जाणारे कळतात आम्हाला, त्यांचा त्रास नाही. पण आठच्या पुढे कदंबाची बस असते, बागायतीला जाणारी माणसं असतात, आणि वर गवे रस्ता ओलांडतात. एक गेला की थांबायचं, मागून कळप असतो. धुक्यात तर गवा रस्त्यात उभा असला तरी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. गाडी कुठलीही घ्या, ब्रेक आणि दिवे चांगले बघून घ्या.

पर्वरी
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, केरीच्या भावाला विशेष, साडेसातच्या आत मी घाट उतरलेला असेन हा शब्द देतो.

गेल्या शनिवारी साखळीला जाऊन व्हर्टस चालवली, मग फोंड्याच्या ताईंनी मोठ्या मनाने एन लाइन बोरीच्या पुलापर्यंत दिली. दोन रात्री झोप नाही. ताईंची गाडी जास्त हसवते हे खरं, तरी चोर्ल्याच्या शेवटच्या चढात मला तो १.५ चा ओढा हवाय. मडगावात एक २०२३ ची व्हर्टस जीटी प्लस मॅन्युअल मिळाली, एकच मालक, २१ हजार किलोमीटर, जीए-०८ नंबर, म्हणजे गोव्याचाच. डिचोलीवाल्यांची सगळी यादी घेऊन गेलो, सीटबेल्ट स्वच्छ, थंड इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. टोकन दिलंय, चवथीच्या आधी घरी येईल.

टायर मात्र २०२२ चे आहेत आणि कडक वाटले. पावसात पकड चांगली असलेले कुठले घालू?