अनुभव धागा: तुरुंगाच्या तटाच्या आतली नोकरी आणि आपल्या बाजूनं बोलणारं माणूस

बंद्यांच्या, म्हणजे कैद्यांच्या, हक्कांवर मराठीत बरंच लिहिलं जातं, आणि ते लिहायलाच हवं. त्याच तटाच्या आत तीस-पस्तीस वर्षं काढणारे शिपाई, हवालदार, सुभेदार आणि तुरुंगाधिकारी मात्र फक्त निलंबनाच्या बातमीत दिसतात. मी वकील आहे. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, सेवाविषयक प्रकरणं चालवते. कारागृह खात्यातला माणूस माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा बहुतेकदा शिक्षेचा आदेश हातात पडलेला असतो आणि अपीलही फेटाळलेलं असतं. चौकशीत तुमच्या बाजूला कोण बसलं होतं, असं मी पहिल्यांदा विचारते. उत्तर बहुतेकदा एकच येतं: कोणी नाही.

म्हणून हा धागा. कामाचे तास, रजा, क्वार्टर, चौकशा यांचे अनुभव लिहा. संघटना असती, किंवा आहे, तर काय फरक पडतो तेही लिहा. स्वतःचं नाव, बक्कल नंबर, कारागृहाचं नाव आणि वरिष्ठांची नावं कृपया लिहू नका.

निवृत्त सुभेदार

मॅडम, धागा काढलात, बरं केलंत. मी भरती झालो त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1982 मध्ये, मुंबईच्या पोलिसांचं आंदोलन झालं. पंधरा ऑगस्टला काळ्या फिती, अठराला काम बंद, मग शहरात लष्कर. त्यांच्या संघटनेची मान्यता गेली, पुढारी बडतर्फ झाले. आम्ही पोलीस नव्हतो, पण खाकी तीच. आमच्या लाईनीत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत, त्यानंतर 'संघटना' हा शब्द मोठ्यानं कोणी काढत नसे.

बाहेरच्यांना आमचं काम कळत नाही म्हणून सांगतो. संध्याकाळी कुलूपबंद करताना प्रत्येक बरॅकमध्ये बंद्यांना जोडीनं बसवून गणती होते. सगळ्या बरॅकींची बेरीज, त्यात दवाखान्यातले, कोर्टातून परत आलेले, नवीन दाखल झालेले, आणि हा आकडा रजिस्टरशी जुळायला लागतो. एक जरी कमी-जास्त भरला तर पुन्हा पहिल्यापासून. तोपर्यंत कोणाची ड्यूटी सुटत नाही. घरी लग्न असो की मयत. ह्या जादा तासांची नोंद माझ्या अख्ख्या नोकरीत कुठल्याही कागदावर झाली नाही.

आणि आमच्या वेळी कायदा 1894 चा. त्याच्या कलम 54 मध्ये परवानगीशिवाय काम सोडलं तर दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुरुंगाधिकाऱ्यानं तर अधीक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय एक रात्रही बाहेर राहायचं नाही. इंग्रजांनी त्यांच्या सोयीसाठी लिहिलेलं हे सगळं आमच्या पिढीनं मुकाट पाळलं.

महिला विभाग

मी एका जिल्हा कारागृहात आहे. आमच्याकडे महिलांचा विभाग लहान, त्यामुळे महिला शिपाईही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुरुष कर्मचाऱ्याला त्या विभागात महिला कर्मचारी सोबत असल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. नियम योग्यच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याचा अर्थ असा, की मी रजेवर गेले तर माझ्या जागी पुरुष विभागातला कोणी येऊ शकत नाही. राहिलेल्या दोघींवर बारा-बारा तास पडतात. म्हणून रजेचा अर्ज करताना आधी मैत्रिणीचं तोंड बघावं लागतं.

राज्यानं 2018 मध्ये 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा मी ती मागितली. 'मंजूर करतो, पण बदली माणूस तुम्हीच शोधा' असं उत्तर मिळालं, तेही तोंडी. नकार लेखी मिळाला असता तर दाद तरी मागता आली असती.

दुसरी गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. आमच्या पॉईंटजवळ, म्हणजे पहाऱ्याच्या जागेजवळ, कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह नाही. ड्यूटीच्या दिवशी आम्ही पाणी कमी पितो. ही गोष्ट साहेबांना एकटीनं जाऊन सांगायची कशी? तिघींच्या वतीनं बोलणारी कोणी असती तर केव्हाच सांगितली गेली असती.

धागाकर्ती: ताई, बरं झालं लिहिलंत. पुढचा अर्ज तिघींच्या सहीनं द्या, फक्त गैरसोयीचा, कोणाविरुद्ध तक्रार म्हणून नाही. बदली माणूस शोधणं हे तुमचं काम नाही, हेही त्यात स्पष्ट लिहा.

टॉवर नंबर नको

मी निलंबित होतो, आता परत कामावर आहे. तटावरून चेंडू आत येतात हे आता पेपरमुळे सगळ्यांना माहीत आहे. टेनिसचा चेंडू कापायचा, आत गांजाची पुडी नाहीतर मोबाईल कोंबायचा, वरून चिकटपट्टी गुंडाळायची आणि तटापलीकडे भिरकवायचा. असा एक चेंडू माझ्या ड्यूटीत पडला आणि दुसऱ्या दिवशी झडतीत मोबाईल सापडला. कर्तव्यात कसूर म्हणून मला निलंबित केलं. निर्वाह भत्त्यावर, म्हणजे निलंबनात मिळणाऱ्या अपुऱ्या पैशांवर, घर चाललं. सोसायटीचा हप्ता, मुलीची फी, कुठे काय द्यायचं ते सुचत नव्हतं.

विभागीय चौकशी लागली. शिस्त व अपील नियमांप्रमाणे दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याला बचाव सहायक, म्हणजे चौकशीत आपली बाजू मांडणारा, म्हणून घेता येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्यातला कोणी तयारही होईना, साहेबांच्या डोळ्यावर कोण येणार? शेवटी पाटबंधारे खात्यात लिपिक असलेले सासऱ्यांचे मित्र आले. ते अनेक वर्षं त्यांच्या कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी होते. आल्या आल्या त्यांनी एकच कागद मागितला: त्या रात्रीचं ड्यूटी वाटप रजिस्टर. टाळाटाळ झाली, पण ते हटले नाहीत. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे दोन पॉईंट होते. एक पूर्वेला, एक मागच्या बाजूला, आणि मध्ये अख्खं स्वयंपाकघर. एका माणसाला दोन्हीकडे एकाच वेळी उभं राहता येत नाही, हे त्यांनी चौकशी अधिकाऱ्यांकडून नोंदवून घेतलं. मला ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

त्यांच्याजागी माझ्याच खात्यातला, तटाच्या आतलं काम जाणणारा माणूस असता तर हे पहिल्याच तारखेला झालं असतं.

एक तुरुंगाधिकारी

दुसरी बाजूही लिहितो, राग मानू नये. कारागृहात संघटना म्हटलं की मला भीती वाटते ती संपाची. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहाची मंजूर क्षमता अनेक वर्षं 804 होती आणि आत तीन हजारांच्या वर माणसं. देशभरात 2022 अखेर चारात तीन बंदी न्यायाधीन होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबित व्हायचा आहे. आम्ही एक दिवस हात वर केले तर त्यांचं जेवण, औषधं, नातेवाइकांची मुलाखत, कोर्टाची तारीख सगळंच अडतं. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला तेव्हा आम्हीही नोव्हेंबर 2005 नंतर भरती झालेले, म्हणजे जुनी पेन्शन नसलेले, आमचंही पोट त्यातच होतं. तरी काम चालू ठेवलं. ते बरोबरच केलं असं मी आजही म्हणेन.

पण 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा बंद्यांमागे एक रक्षक असं प्रमाण दिलंय, ते कुठे आहे हे विचारायचा मार्ग मलाही हवाय. अधिकाऱ्यालाही.

बर्मिंगहॅमजवळून

मूळची सांगलीची, इंग्लंडमध्ये प्रिझन ऑफिसर आहे. वर लिहिणाऱ्या तुरुंगाधिकारी साहेबांना माझा अनुभव उपयोगी पडेल. इथे आमची संघटना आहे, प्रिझन ऑफिसर्स असोसिएशन, 1939 पासूनची. आणि इंग्लंड-वेल्समध्ये संप आम्हालाही करता येत नाही. 1994 च्या कायद्यानं तुरुंगाधिकाऱ्यांना कामबंदीला प्रवृत्त करण्यावर बंदी आणली. मध्यंतरी ती उठली होती. ऑगस्ट 2007 मध्ये पगारवाढ टप्प्यांत देण्यावरून लोक अचानक बाहेर पडले आणि 2008 मध्ये बंदी परत आली. नोव्हेंबर 2016 मध्ये तुरुंगांतल्या हिंसाचारामुळे हजारो अधिकारी गेटबाहेर उभे राहिले, तेव्हा सरकारनं कोर्टातून मनाई हुकूम आणला.

मग संप नाही तर संघटना कशाला, असं मलाही घरच्यांनी विचारलं होतं. एका बंद्याला आवरताना माझ्या मनगटाला फ्रॅक्चर झालं आणि वर माझ्याविरुद्धच जादा बळ वापरल्याची तक्रार आली. चौकशीच्या मीटिंगला शाखेचा प्रतिनिधी माझ्या शेजारी बसला होता. शिस्तभंगाच्या सुनावणीत सोबतीला माणूस आणायचा हक्क इथे 1999 च्या कायद्यात लिहिलेला आहे. त्यानं मीटिंग सुरू होण्याआधी कॅमेऱ्याचं चित्रण मागून घेतलं आणि ते पाहिल्याशिवाय मला एका प्रश्नाचंही उत्तर देऊ दिलं नाही. तक्रार टिकली नाही. त्या दिवशी त्यानं घोषणा दिली नाही की आवाज चढवला नाही, पण माझी झोप परत आली ती त्याच्यामुळे.

इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. माणसं कमी आहेत, अनुभवी लोक सोडून जातात, आणि अडुसष्टाव्या वर्षापर्यंत लँडिंगवर, म्हणजे कोठड्यांसमोरच्या मजल्यावर, काम करायला लावू नका ही मागणी अनेक वर्षं चालू आहे.

हवालदारांच्या घरातून

माझे मिस्टर लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. सरकारी नोकराच्या जाहीर बोलण्यावर बंधन घालणारे वर्तणूक नियम त्यांना लागू आहेत, मला नाहीत. एप्रिल 2020 मध्ये कोरोनामुळे राज्यातली काही कारागृहं पूर्ण बंद केली, कर्मचाऱ्यांनाही आतच ठेवलं. मिस्टर आत होते. क्वार्टरच्या खिडकीतून मला तट दिसायचा आणि त्यांची खबर फोनवर. आम्ही लाईनीतल्या बायकांनी मिळून निवेदन लिहिलं: आतल्यांच्या तपासण्या करा, पाळी ठरावीक दिवसांनी बदला, घरी येण्याआधी राहायची वेगळी सोय करा. बाकी दोन गोष्टी झाल्या, तपासण्या उशिरा झाल्या. पुढे मे महिन्यात मुंबईत बंद्यांबरोबर कर्मचारीही मोठ्या संख्येनं आजारी पडल्याचं वाचलं तेव्हा आमच्या जिवाचं पाणी झालं.

नवऱ्याच्या नोकरीबद्दल बायकोनं निवेदन द्यावं लागतं, ह्याचा मला आजही त्रास होतो. ते स्वतः शहाणे आहेत, त्यांना लिहिता येतं.

निवृत्त सुभेदार: वहिनी, तुमचं निवेदन आमच्याही लाईनीत फिरलं होतं. त्यावरून आमच्याकडच्यांनीही लिहिलं.

धागाकर्ती: संपाच्या मुद्द्यावर एवढंच. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असं सांगितलं, त्यामुळे तो विषय बाजूला ठेवूनही बोलण्यासारखं पुष्कळ उरतं. केरळमध्ये पोलिसांच्याही आणि कारागृह कर्मचाऱ्यांच्याही संघटना आहेत, तिथले तुरुंग चालूच आहेत. आणि मुंबईत 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला तो एका शिपायानं आखून दिलेल्या वेळापत्रकावर. खालचा माणूस बोलला आणि वरच्यानं ऐकलं तर काय होतं, ते तिथे दिसलं.

नवीन भरती

मी येरवड्याला ट्रेनिंग संपवून नुकताच हजर झालोय. मॅडम, संघटना होईल तेव्हा होईल. आत्ता माझ्या हातात काय आहे?

धागाकर्ती: अर्ज कधीही तोंडी करू नकोस. दोन प्रती काढ, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घे. रजा नाकारली तर कारण लेखी माग. दोन पॉईंट दिले तर त्याच रात्री रजिस्टरमध्ये तशी नोंद करण्याची विनंती कर. नाही केली तर दुसऱ्या दिवशी अर्जानं कळव. कारणे दाखवा नोटीस आली की उत्तर देण्याआधी संबंधित कागद मागून घे. दोषारोपपत्र आलं तर बचाव सहायक लगेच ठरव, आणि तुझ्या बॅचमधल्या कोणावर वेळ आली तर त्याच्यासाठी तू जा. सेवेत असलेला कर्मचारी हे काम करू शकतो, आणि तुझ्याइतकं आतलं काम माझ्यासारख्या बाहेरच्या वकिलाला कधीच कळणार नाही.