मदत हवी आहे: आईच्या फॅमिली पेन्शनमधून सात लाखांची वसुली, चूक मात्र ऑफिसची

पारिजात_अंगणातला

नमस्कार मंडळी. इथे बरेच निवृत्त सरकारी कर्मचारी आणि एकदोन वकील आहेत म्हणून विचारतेय. लांबलचक झालंय, सांभाळून घ्या.

माझे बाबा राज्य सरकारच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते, म्हणजे गट क. तब्येतीमुळे २०१० मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मार्च २०१२ मध्ये गेले. तेव्हापासून आईला फॅमिली पेन्शन आहे. पहिली सात वर्षं वाढीव दराने आणि मग साध्या दराने, असं पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तारखेसकट छापलेलं आहे. सहाव्या वेतन आयोगाप्रमाणे वाढीव ७,५०० आणि साधी ४,५००. वाढीवची मुदत मार्च २०१९ ला संपत होती.

नेमका त्याच सुमारास सातवा आयोग लागू झाला. ७,५०० गुणिले २.५७ करून आईची मूळ पेन्शन १९,२७५ झाली. आई सातवी शिकलेली, पण कागद नीट वाचते. तिला ती तारीख माहीत होती. म्हणून एप्रिल २०१९ मध्ये ती स्वतः एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी कोषागारात गेली, शेजारच्या मुलाकडून अर्ज लिहून घेऊन: "पीपीओवरील मुदत संपली आहे, तरी माझी पेन्शन कमी होणार का ते कळावे." खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "मावशी, सातव्यात सगळं नव्याने बसवलंय. ती जुनी तारीख आता धरायची नाही. हेच चालू राहील." एक प्रत ठेवून घेतली, दुसरीवर आवकचा शिक्का मारला आणि शिक्क्याशेजारी पेन्सिलने लिहिलं: "७ वा वे.आ. बदल नाही." लेखी उत्तर कधी आलं नाही. आईनेही परत विचारलं नाही, साहेबच म्हणाले म्हटल्यावर कशाला विचारेल?

पुढची सहा वर्षं दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला. कोणी चकार शब्द काढला नाही.

आता या एप्रिलमध्ये पत्र आलं. एप्रिल २०१९ ते मार्च २०२५ या ७२ महिन्यांत महागाईसह ७,३७,६१६ रुपये जादा गेले, ते दरमहा ५,००० प्रमाणे कापणार. आधी नोटीस नाही, विचारणा नाही. आईला महागाई भत्ता धरून २९,४९१ मिळत होते. साध्या दराने १७,६९४ होतात, त्यातून पाच हजार गेले की हातात १२,६९४. मी हप्ते मोजले. १४८. आई आज ६६ वर्षांची आहे, कर्ज फिटेल तेव्हा ७८ ची असेल. बीपी आणि शुगरच्या गोळ्या वेगळ्याच.

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा त्रास होतोय. आईने पत्र आलं त्या दिवसापासून दूध अर्ध्या लिटरवर आणलंय आणि म्हणते, "आपण सरकारचं खाल्लं गं." अगं, तू तर विचारायला गेली होतीस!

माझे प्रश्न: वाढीव पेन्शन परत सुरू करून घेता येईल का? आणि ही कपात थांबवायची तर कुठे जायचं? कोषागारात मी जाऊन आले. तिथे आता सगळी नवीन माणसं आहेत. "तोंडी कोणी काय सांगितलं याला आम्ही काय करणार," एवढंच ऐकून परतले.

रोखठोक

तुम्हाला राग येईल, पण पीपीओवर तारीख होती ना? मग जादाचे पैसे आहेत हे कळत होतं. जनतेचा पैसा आहे तो. बँकेने चुकून माझ्या खात्यात लाख टाकले तर मी ठेवून घेईन का?

पारिजात_अंगणातला

@रोखठोक, तारीख कळली म्हणूनच ती विचारायला गेली. बँकेत जाऊन "हे लाख माझे आहेत का" असं तुम्ही लेखी विचारलंत आणि मॅनेजर "हो, तुमचेच" म्हणाला, तर काय कराल?

खिडकीपलीकडचा

ताई, मी कोषागारातूनच निवृत्त झालोय, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. आधी कडू गोळी: वाढीव दर परत मिळणार नाही. सात वर्षं संपली की दर उतरतोच, आयोग कुठलाही असो. आयोगाने रक्कम बदलते, मुदत नाही. त्यामुळे अर्जात "पेन्शन पूर्ववत करा" असं चुकूनही लिहू नका. तेवढं एक वाक्य दिसलं की अख्खा अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. १७,६९४ मान्य करा आणि फक्त वसुलीशी भांडा.

चूक कशी झाली असेल ते सांगतो. सुधारणेच्या वेळी हजारो प्रकरणं हातावेगळी करायची असतात. जुन्या मूळ रकमेला २.५७ ने गुणलं की काम झालं असं वाटतं. पण वाढीव आणि साधी या दोन्ही रकमा सुधारून, वाढीव कधी संपते ती तारीखही पुढे न्यावी लागते. तुमच्या आईच्या बाबतीत ४,५०० चे ११,५६५ कोणी केलेच नसणार. मग पुढे लेखापरीक्षणात कुठेतरी सापडतं आणि ज्याने चूक केली तो तोवर बदलून गेलेला असतो किंवा माझ्यासारखा घरी बसलेला असतो.

तो पेन्सिलवाला कागद म्हणजे सोनं आहे. आवक क्रमांक आणि तारीख दिसते का? दिसत असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मागायचं एवढंच: त्या दिवसाच्या आवक नोंदवहीची प्रमाणित प्रत, आईच्या अर्जावरची टिप्पणी, सातव्या आयोगाप्रमाणे सुधारणा केल्याचा आदेश आणि वसुलीचा महिनावार तक्ता. "चूक कोणाची" असले प्रश्न विचारू नका. कागद मागा, मत मागू नका. उत्तराला ३० दिवस असतात.

काळाकोट

वरच्या काकांशी सहमत. कायद्याचं थोडं सांगते.

सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा निकाल आहे, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह. कर्मचाऱ्याची लबाडी नसताना जादा गेलेली रक्कम कोणत्या प्रसंगी वसूल करता येत नाही, त्याचे पाच प्रकार त्यात दिलेत. तुमच्या कामाचे: गट क आणि गट ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर. वडील गट क, आई पेन्शनवर, काळ सहा वर्षांचा. शिवाय वसुली अन्यायकारक आणि जाचक ठरत असेल तर, असाही एक प्रकार आहे. १४८ हप्त्यांचं गणित तिथे मांडा.

मे २०२२ मध्ये केरळच्या एका निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणात, थॉमस डॅनियल, न्यायालयाने वसुली रद्द केली. पण ते नीट वाचा. त्यात म्हटलंय की हा कर्मचाऱ्याचा हक्क नव्हे, हाल होऊ नयेत म्हणून न्यायालय आपल्या अधिकारात देत असलेला दिलासा आहे. म्हणून आईचं वागणं स्वच्छ होतं हे दिसणं महत्त्वाचं. तिने लपवलं नाही, उलट विचारलं. रोखठोकरावांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचाही ऑगस्ट २०२० चा निकाल आहे: भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले ८५ वर्षांचे गृहस्थ, बँकेने परस्पर पेन्शन कापली होती, न्यायालयाने ते पैसे परत करायला लावले.

आता विरुद्ध बाजू. पेन्शन सुरू करताना "जादा रक्कम आल्यास परत करीन" असं हमीपत्र आईने दिलंय का? बहुतेक दिलं असेल, सगळ्यांकडून घेतात. समोरचा वकील ते आणि २०१६ चा जगदेव सिंग निकाल दाखवणार. तिथे हमीपत्र होतं म्हणून वसुली मान्य झाली. पण ते प्रकरण एका न्यायिक अधिकाऱ्याचं होतं, लिपिकाच्या विधवेचं नव्हे, आणि त्याने सुधारित वेतनश्रेणी घेताना हमी दिली होती. हा फरक मांडता येतो. जिंकालच असं मी म्हणणार नाही.

आधी कोषागार अधिकाऱ्यांना निवेदन द्या, प्रत महालेखापालांना. निर्णय होईपर्यंत कपात थांबवा आणि म्हणणं मांडायची संधी न देता आदेश काढला, हे दोन मुद्दे ठळक. काही हललं नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला बसतं. साधारण वर्षभराची मुदत असते, निवेदनं देत बसण्यात ती घालवू नका. तिथे पहिल्याच तारखेला कपातीला स्थगिती मागता येते.

आणि फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात ऑफिस असतं. आईला घेऊन जा, आधार आणि ते पत्र सोबत.

पारिजात_अंगणातला

डोळ्यांत पाणी आलं. मोफत वकिलाचं माहीतच नव्हतं. हमीपत्राबद्दल आईला विचारलं, ती म्हणते तेव्हा वीसेक कागदांवर सह्या केल्या, कशाकशावर ते तुझ्या बाबांच्या दिवसांत कोण बघणार होतं?

कागद सापडला. ट्रंकेत, साडीच्या खोक्यात, बाबांच्या सर्व्हिस बुकाच्या झेरॉक्सखाली. शिक्का स्पष्ट आहे, क्रमांकही वाचता येतो. पण पेन्सिल फार पुसट झालीय. कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढली तर शिक्का आला आणि पेन्सिलच्या जागी नुसतं कोरं. दुकानदार म्हणतो, पेनाने गिरवून द्या, मग येईल.

रोखठोक

गिरवू नका! (माझं मत बदललेलं नाही, पण हे चुकूनही करू नका.)

खिडकीपलीकडचा

अजिबात गिरवायचं नाही, बनावट कागद म्हणतील आणि आई नसत्या भानगडीत अडकतील. सकाळच्या उन्हात कागद जरा तिरका धरून मोबाइलने फोटो काढा, पेन्सिल चमकते. एक पूर्ण कागदाचा, एक फक्त त्या कोपऱ्याचा. आणि मूळ कागद वकील सोडून कोणाच्याही हातात द्यायचा नाही. "बघू जरा, साहेबांना दाखवून आणतो" असं कोषागारात कोणी म्हणालं तर झेरॉक्स पुढे करा. मी तिथलाच आहे म्हणून सांगतो.