चालणं मान्य, 'बास' मान्य नाही
"पन्नाशीनंतर व्यायामाचा काय उपयोग, नुसतं चाललं तरी बास" असं एकाने म्हटलंय, त्यातलं चालणं मान्य. त्याने दम वाढतो, शुगर-बीपीला मदत होते, पण तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर वेग अजून वाढतो, ते नुसत्या चालण्याने फारसं थांबत नाही, त्याला वजन उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठबस असलं काहीतरी लागतंच.

आणि उशीर झाला म्हणावं तर १९९० मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून ८ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले, १० पैकी ९ जण शेवटपर्यंत टिकले आणि ताकद सरासरी १७४ टक्के वाढली! (सुरुवातच अगदी कमी ताकदीपासून, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो, तरीपण.)

मी ५२व्या वर्षी सुरू केलं, पहिल्याच महिन्यात हौसेने जास्त वजन घेऊन खांदा धरून बसलो, चूक माझीच. हार्टबिर्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि तोल सांभाळण्यासाठी एका पायावर उभं राहायची प्रॅक्टिस दात घासताना करा, बेसिन हाताशी असतंच धरायला.