'सहक्षेत्री जातिउद्भव' की 'एकस्थानी प्रजातीनिर्मिती'?

खारफुटी: समुद्रात मध्ये कसलाही अडसर नसताना एका जातीच्या दोन होतात, त्या 'सिम्पॅट्रिक स्पेसिएशन'ला मराठीत काय म्हणावं? 'एकस्थानी प्रजातीनिर्मिती' वाचलं, खटकलं.

पदच्छेद: खटकणारच. 'स्पीशीज'साठी मराठीत 'जाती' आहे; 'प्रजाती' हिंदीच्या वळणाने आली. 'निर्मिती' म्हटलं की निर्माता डोकावतो, म्हणून 'उद्भव'. ग्रीक 'सिन' म्हणजे सह, 'पात्रिस' म्हणजे पितृभूमी. यावरून 'सहक्षेत्री'; वस्त्या तुटून वेगळ्या पडल्यावर होणाऱ्या 'ॲलोपॅट्रिक'साठी 'भिन्नक्षेत्री'. लिहिताना 'जातिउद्भव', ति ऱ्हस्व. संधी करून 'जात्युद्भव' शुद्धच, पण वाचताना अडखळायला होतं.

ओहोटी: 'एकस्थानी' अर्थानेही चुकतं; क्षेत्र एक असलं तरी त्यातल्या जागा वेगळ्या असू शकतात. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरची लिटोरिना सॅक्सॅटिलिस ही गोगलगाय बघा. खेकडे असतात त्या गोट्यांवर तिचा शंख मोठा, जाड, तोंड अरुंद. लाटा आदळतात त्या कातळावर शंख लहान, पातळ, तोंड रुंद, म्हणजे पाय मोठा आणि पकड घट्ट. अंतर काही मीटर. मादी पिल्लं पोटातच वाढवते, तरंगती अळी नसते, म्हणून पिल्लं फार लांब जात नाहीत. जोड्याही साधारण सारख्या आकारात जमतात. म्हणजे जो आकार जीव वाचवतो तोच जोडीदारही ठरवतो. ही गाठ नसेल तर संकरातून गुणांची सरमिसळ होते आणि फाटा फुटता फुटता मिटतो.

खारफुटी: मग हा सहक्षेत्री जातिउद्भव?

ओहोटी: नाही. दोन्ही रूपं अजून एकाच जातीची आहेत, सीमेवर संकर होतो. पट्टे एकमेकांना लागून आहेत, तेव्हा 'लगतक्षेत्री' म्हणा.

पदच्छेद: आणखी एक गल्लत फार होते. 'सहक्षेत्री जाती' हे आजच्या वस्तीचं वर्णन; 'सहक्षेत्री जातिउद्भव' हा इतिहासाबद्दलचा दावा. कॅरिबियनमधली ऑर्बिसेला फ्रँक्सी आणि ऑर्बिसेला ॲन्युलॅरिस ही प्रवाळं एकाच भित्तीवर, पौर्णिमेनंतर बहुधा त्याच रात्री बीजं (अंडी आणि शुक्रपेशी) सोडतात, पण फ्रँक्सी सुमारे दोन तास आधी. तोवर तिचं बीज पाण्यात पांगतं, शुक्रपेशी शिळ्या होतात. ही आजची 'कालभिन्नता' झाली. या दोन जाती वेगळ्या झाल्या तेव्हाही एकत्रच होत्या, हे यातून सिद्ध होत नाही. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला होता. तेव्हा तुटलेल्या वस्त्या पुन्हा जुळल्या असतील, तर तो भिन्नक्षेत्रीच.

खारफुटी: म्हणजे वाक्य असं: 'या दोन जाती आज सहक्षेत्री आहेत, त्यांचा उद्भव सहक्षेत्री होता का, हे वेगळं तपासावं लागेल.'

पदच्छेद: अगदी बरोबर.